एका वेळी एकच बदल

मुनीर सरांची आणि माझी पहिली भेट एका लोखंडाच्या तुकड्यावरून झाली, आणि त्या भेटीत मला रडू आले. तंत्रनिकेतनातले माझे ते पहिले वर्ष होते. यंत्र शाखेत आम्ही दोनच मुली. कार्यशाळेत प्रत्येकाला एकेक तुकडा देऊन तो कानशीने घासून चौरस करायला सांगितला होता. दोन तास घासून मी माझा तुकडा सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला, खिडकीकडे धरला आणि फटीतून येणारा उजेड मला दाखवला. मग शांतपणे विचारले की दोन बाजू एकदम घासल्या का. मी हो म्हटले. वेळ वाचावा म्हणून एक बाजू थोडी, मग शेजारची थोडी, असे मी करत गेले होते. आता कोणती बाजू चुकली ते सांगता येईल का, असा त्यांचा पुढचा प्रश्न. ते मला सांगता येईना. सरांनी नवा तुकडा दिला. असे तीनदा झाले. चौथ्या तुकड्याच्या वेळी वर्गातली मुले घरी गेली होती आणि सर माझ्यासाठी थांबले होते. तो तुकडा चौरस झाला. "बघ, सोपं होतं," एवढेच ते म्हणाले. सोपे अजिबात नव्हते. माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले होते.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी त्यांच्या गुणांवर लिहा, असे संपादक मंडळींनी मला कळवले. मी गेली पंचवीस वर्षे रोजनिशी लिहिते. तयारी म्हणून तिची पाने चाळली, तर सरांचा उल्लेख असलेल्या नोंदींमध्ये 'वैताग' हा शब्द इतक्या वेळा सापडला की माझी मलाच लाज वाटली. तो शब्द गाळून लेख लिहावा का, यावर मी आठवडाभर विचार केला. पण माणसाबद्दल आदर वाटणे आणि त्या माणसाचा वैताग येणे या दोन गोष्टी माझ्या मनात कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. एक काढली तर दुसरी उरेल असे मला वाटत नाही. म्हणून जसे आहे तसेच लिहिते. सर हे वाचणार आहेत, आणि खाडाखोड त्यांना आवडत नाही.

शेख मुनीर अहमद सरांनी चौतीस वर्षे कार्यशाळा शिकवली. त्यांचे वडील रेल्वेत फिटर होते. वडिलांचा मापे घ्यायचा व्हर्निअर सर आजही वापरतात आणि वापरून झाल्यावर पुसून कापडात गुंडाळतात. शहरातल्या आणि वाळूजच्या कारखान्यांत आज जे अनेक लोक जबाबदारीच्या जागी आहेत, त्यांच्या हातात पहिली कानस सरांनी दिली. मी स्वतः एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंची मापे घेणे हे माझे काम. माप चुकीचे असेल तर तसे लिहायचे, मग समोर कोणीही असो, हे मी सरांकडून शिकले. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी हे वाक्य इथे लिहून ठेवणे मला भाग आहे.

निवृत्तीनंतर सरांनी मोटार बांधायला घेतली. बुटकी, उघडी, दोन माणसांची, वळणावळणांच्या शर्यतीत धावणारी. ज्यांना ऑटोक्रॉस हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोकळ्या पटांगणावर रबरी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते, आणि शंकू पडला की दोन सेकंद दंड. इथे नुसता वेग कामाला येत नाही. गाडीने सांगितल्याबरोबर वळले पाहिजे आणि सांगितल्याबरोबर थांबले पाहिजे. सरांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोलादी नळ्यांचा सांगाडा स्वतः जोडला. भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचे इंजिन आणून ते पुन्हा उभे केले आणि अ‍ॅल्युमिनिअमचे पत्रे हाताने ठोकून अंग चढवले. यात पाच वर्षे गेली. गाडीला आजतागायत रंग नाही. मी एकदा विचारले तेव्हा सर म्हणाले की रंगाला वजन असते, म्हणजे तोही एक बदल झाला, आणि त्याचा नंबर अजून आलेला नाही.

सुभाषराव काळे हे सरांचे जुने विद्यार्थी. शहागंजमध्ये त्यांचे सुट्या भागांचे दुकान आहे. ते या गाडीला 'घमेलं' म्हणतात, सरांच्या तोंडावर म्हणतात, आणि घमेल्याला लागणारा प्रत्येक नटबोल्ट मात्र तेच शोधून आणतात. त्यांच्याच दुकानात सहा वर्षांपूर्वी सर मला पुन्हा भेटले. मी काय काम करते ते त्यांनी विचारले, थोडा वेळ माझ्या हातांकडे पाहिले आणि म्हणाले, "मग रविवारी सकाळी साडेसहाला ये. घड्याळ धरायला माणूस पायजे." एका रविवारचा प्रश्न असेल असे समजून मी हो म्हटले. त्याला सहा वर्षे झाली.

चिकलठाण्याच्या पुढे एका बंद पडलेल्या गोदामाचे डांबरी आवार आहे. मालकाच्या परवानगीने आम्ही तिथे जातो. शंकू मिळत नव्हते तेव्हा सुभाषरावांनी लाल प्लॅस्टिकच्या बादल्या आणल्या. त्याच उलट्या मांडून आमची वाट अजून आखली जाते. सरांची पद्धत अशी. आधी गाडी आहे तशी तीन फेऱ्या धावते आणि तिन्हींतली सगळ्यात चांगली वेळ धरायची. मग गाडीत एकच बदल करायचा. चाकातली हवा थोडी कमी, किंवा शॉकअपचा खटका एका खाचेने पुढे, किंवा स्प्रिंगखाली एक चकती. पुन्हा तीन फेऱ्या. मग तो बदल काढून टाकायचा, गाडी पहिल्यासारखी करायची आणि आणखी तीन फेऱ्या. शेवटच्या तीन कशासाठी, असे पहिल्या रविवारी मी विचारले होते. सर म्हणाले की तेवढ्या वेळात ऊन वाढते, डांबर तापते, चालवणाऱ्याचा हात बसतो. वेळ बदलामुळे सुधारली की उन्हामुळे, हे परत मागे गेल्याशिवाय कसे कळणार? सरांच्या पद्धतीला कधीच उत्तर नसते, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

याखेरीज दोन वह्यांचा नियम होता. एक वही माझी, तिच्यात घड्याळाचे आकडे. दुसरी सरांची, तिच्यात ते उर्दूत गाडी कशी वाटली ते लिहीत. फेरी संपली की सर हेल्मेटसुद्धा न काढता आधी आपल्या वहीत लिहीत, मग वेळ विचारत. आणि बदल कोणता केला हे मला अजिबात सांगत नसत. गाडीकडे पाठ करून मला बादल्या सरळ करायला पाठवत. घड्याळ धरणाऱ्याला बदल कळला की त्याचा अंगठा आशा धरतो, असे त्यांचे म्हणणे. मला हे तेव्हा अपमानासारखे वाटले होते. माझा अंगठा आशा धरणाऱ्यांतला नाही, असे मी त्या दिवशी रोजनिशीत लिहिले आहे.

एका रविवारी एक बदल. तोही दहातल्या सात वेळा निरुपयोगी ठरून काढून टाकलेला. सुभाषराव म्हणत, "सर, एवढ्या रविवारात पोरगं जन्माला येऊन शाळेत गेलं असतं, अन् तुमचं घमेलं अजून पाळण्यातच." सर हसत आणि पुढच्या बदलाची तयारी करत. गाडीला दुसरे मतही हवे म्हणून त्यांनी मला ती चालवायला शिकवली. दर काही आठवड्यांनी मी चालवायची आणि सरांनी घड्याळ धरायचे. माझ्या फेरीनंतर 'बरी वाटली' असे मी लिहिले, तर सर ते मान्य करत नसत. बरी म्हणजे पुढून बरी की मागून, वळणात शिरताना की सुटताना? एकदा मी रागाने वही गाडीच्या टपावर आपटणार होते, पण गाडीला टप नाही.

सरांच्या मायेचाही अनुभव असाच आहे. माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना चालायला आधाराची चौकट, म्हणजे वॉकर, लागली. बाजारातली चौकट त्यांच्या डाव्या हाताला नीट बसेना. सरांना कळले तेव्हा दुसऱ्याच दिवशी ते पान्यांची पिशवी घेऊन घरी आले. मला वाटले, अर्ध्या तासाचे काम. सरांनी चौकटीचा डावा पाय अर्धा इंच कमी केला, वडिलांना खोलीतून तीन फेऱ्या मारायला लावल्या, वहीत लिहिले, पाय पुन्हा पहिल्यासारखा केला आणि पुन्हा तीन फेऱ्या सांगितल्या. वडिलांचा स्वभाव तापट. "अहो मास्तर," ते म्हणाले, "मला शर्यतीला नाय जायचं, संडासापर्यंत जायचंय." सरांनी तेही वहीत लिहून घेतले, आणि अंतर किती आहे ते पावलांनी मोजून आले. पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी येत होते. सोळाव्या दिवशी वडील कोणाचा हात न धरता संडासापर्यंत गेले. त्यानंतर वडील वारले तोपर्यंत, दोन वर्षे, त्यांना त्यासाठी कोणाला हाक मारावी लागली नाही. म्हाताऱ्या माणसासाठी ती केवढी मोठी गोष्ट होती हे मला नंतर कळले. त्या पंधरा दिवसांच्या रोजनिशीत मात्र मी लिहिले आहे: 'सर आजही आले. वैताग.'

आता गेल्या वर्षीच्या त्या रविवाराकडे येते. शहराजवळ एक स्पर्धा होणार होती आणि तिच्यात घरी बांधलेल्या गाड्यांचा वेगळा गट होता. नाव देण्याचा शेवटचा दिवस सोमवार. सर म्हणत होते की गाडी मागून अजून हलकी आहे, वळणात मागची चाके पकड सोडतात, आणखी दोन-तीन महिने द्या, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी जाऊ हे आम्ही तीन वर्षे ऐकत होतो. सुभाषरावांनी अर्ज भरून आणला होता. फक्त चालकाचे नाव लिहायचे राहिले होते. मीही थकले होते. पाच वर्षांत मी नात्यातली किती लग्ने, किती सकाळची झोप आणि किती रविवार घालवले ते मोजायला लागले होते.

त्या सकाळी गाडी आहे तशी ४९.७ सेकंदांत धावली. मग सरांनी काहीतरी बदल केला. पहिली फेरी ४९.९, दुसरी ५०.१. तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला सुभाषराव माझ्या शेजारी येऊन अर्ज दाखवत काहीतरी बोलले, मी मान वळवली, आणि बटण दाबले तेव्हा गाडीचे मागचे चाकही रेषेच्या पुढे गेले होते. हे मला त्याच क्षणी कळले. अशा वेळी काय करायचे ते ठरलेले होते: वहीत 'घड्याळ चुकलं' असे लिहायचे आणि फेरी बाद. गाडी परत आली तेव्हा घड्याळात ४८.६ होते. सर आपल्या वहीत लिहीत होते. सुभाषरावांनी माझ्या खांद्यावरून आकडा पाहिला आणि टाळी वाजवली. मी वहीत लिहिले, ४८.६. पुढे काही लिहिले नाही. बटण चुकून उशिरा दाबले गेले. आकडा मात्र चुकून लिहिलेला नव्हता.

सरांनी वेळ विचारली. मी सांगितली. त्यांनी ती पुन्हा विचारली. मग स्वतःच्या वहीतल्या ओळीकडे बराच वेळ पाहिले, वही मिटली आणि म्हणाले, "बस. गाडी तयार आहे." गाडी पहिल्यासारखी करून शेवटच्या तीन फेऱ्या मारायला त्यांनी सांगितले नाही. पाच वर्षांत हे पहिल्यांदा घडत होते, आणि त्याचा अर्थ काय हे मी स्वतःला विचारले नाही. सुभाषरावांनी पेन काढले. चालकाच्या नावाच्या जागी माझे नाव लिहा, असे सरांनी सांगितले. मी नको म्हटले, तेव्हा म्हणाले की तुझी नजर चांगली आहे, तूच चालव. शिष्याला पुढे करण्याचा मोठेपणा, असा आम्ही दोघांनी समज करून घेतला. घरी येताना क्रांती चौकात सुभाषरावांनी पेढे घेतले.

सोमवारपासून मला नीट जेवण गेले नाही. एक सेकंद इकडेतिकडे, कोणाचे काय बिघडले, असे मी स्वतःला समजावत होते. गाडीत जो बदल झाला तो चुकीचा असेल तर गाडी जरा हळू धावेल, एवढेच. चालवणार तर मीच होते. मग मला त्रास कशाचा होत होता? खोटा आकडा लिहिल्याचा, की तो कळेल याचा? मी रोजनिशीत दोन्ही लिहिले आणि दोन्हीपुढे प्रश्नचिन्ह काढले. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी सरांच्या घरी गेले.

सर जुम्म्याच्या नमाजाहून यायचे होते. दार आपांनी उघडले. सरांच्या पत्नीला आम्ही सगळे आपा म्हणतो. कधी नव्हे ते त्या गंभीर होत्या. त्यांनी सांगितले की रविवारपासून सरांनी स्कूटरला हात लावलेला नाही. मशिदीतही रिक्षाने गेले. "मी विचारलं, काय झालं? तर म्हंतात, अंगाला आता कळंना. गाडी चांगली असली तरी मला वाईट वाटती. असल्या माणसानं रस्त्यावर निघू नाय." आपा पुढे म्हणाल्या, "चौदा वर्षांचे होते तेव्हापासून यंत्रावर बसतात, बेटा. रिक्षात मागं बसलेले मी त्यांना पहिल्यांदा बघितले. लई लहान दिसले."

मी तिथेच ओट्यावर बसले. काय झाले होते ते माझ्या ध्यानात आले. बटण उशिरा दाबले गेले होते, आणि त्या एका सेकंदाच्या भरवशावर सरांनी साठ वर्षे यंत्रावर बसलेले आपले अंग खोटे ठरवले होते.

सर आले. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. सुभाषरावांनी मान वळवायला लावली असे मी म्हणू शकले असते. ते मी म्हटले नाही, पण म्हणावेसे वाटले होते हे इथे नोंदवते. शेवटी सर म्हणाले, "किती उशीर?"

मागचे चाक रेषेच्या पुढे गेले होते, एक सेकंद, कदाचित थोडा जास्त, असे मी सांगितले. सर आत गेले आणि आपली वही घेऊन आले. मला उर्दू वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवून मराठीत वाचून दाखवले: "तिसरी फेरी. मागून सुटते. आधीच्यापेक्षा वाईट. भरोसा नाही." मग त्यांनी वही मांडीवर ठेवली.

"तुझ्या वहीत कधी खोट नसती, बेटा," ते म्हणाले. "म्हणून मी समजलो, खोट माझ्यात आली."

मला वाटते, ते रागावले असते तर बरे झाले असते. आपांनी चहा आणून ठेवला. सरांनी माझी वही मागितली, ते पान काढले आणि पेन माझ्या हातात दिले. खोडायचे नाही, शेजारी लिहायचे. मी त्या आकड्याशेजारी लिहिले: 'घड्याळ चुकलं. मला माहीत होतं.' दुसरे वाक्य त्यांनी सांगितले नव्हते. सरांनी ते वाचले, पान वाळेपर्यंत थांबले आणि वही मिटली. त्यानंतर हा विषय त्यांनी आजवर काढलेला नाही. मी काढला की ते दुसरेच काहीतरी विचारतात.

चहा संपताना मात्र त्यांचा चेहरा पालटला होता. उद्या सकाळी मैदानावर जायचे, ते म्हणाले. मी सांगितले की उद्या शनिवार आहे, संध्याकाळी पाचपर्यंत स्पर्धेच्या ठिकाणी गाडी तपासणीला न्यायची आहे, रविवारचा बदल काढून टाकला की झाले, तो वाईट होता हे आता कळलेच आहे. "कुठं कळलं?" सर म्हणाले. "तू म्हणतेस एक सेकंद, कदाचित जास्त. कदाचित ही काय वेळ आहे?" आपा आतून म्हणाल्या, "घ्या. झाले हे बरे."

शनिवारी आम्ही नऊच्या नऊ फेऱ्या मारल्या. जुनी मांडणी, नवी मांडणी, परत जुनी. मध्ये सुभाषराव दोनदा घड्याळ दाखवून गेले आणि दुसऱ्यांदा म्हणाले, "सर, तिकडं दरवाजा बंद करतेत हो." सरांनी त्यांना बादल्या सरळ करायला पाठवले. नवी मांडणी तीन दशांशांनी वाईट निघाली. म्हणजे सरांचे अंग रविवारीही बरोबर होते आणि शनिवारीही. तपासणीच्या जागी आम्ही पोहोचलो तेव्हा पाचला चार मिनिटे कमी होती, आणि माझ्या हाताला ग्रीस लागलेले होते.

चालकाचे नाव बदलायचे आहे असे मी तिथल्या टेबलावर सांगितले. टेबलामागच्या गृहस्थांनी सरांकडे पाहिले आणि वय विचारले. सरांनी सांगितले. मग त्यांनी मलाच विचारले की आजोबांना डॉक्टरांनी परवानगी दिली आहे का. तेवढ्यात सरांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. नजर, रक्तदाब, हृदय, सगळ्याची तपासणी आणि खाली डॉक्टरांची सही. कागद दोन महिन्यांपूर्वीचा होता. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असे आम्हाला सांगत असताना त्यांनी तो करून ठेवला होता. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी बाजूला जाऊन पाणी प्यायले.

रविवारी घरी बांधलेल्या गाड्यांच्या गटात पाच गाड्या होत्या. चार रंगवलेल्या. प्रत्येकाला तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत सरांकडून एक शंकू पडला. दुसरी स्वच्छ गेली. मग तिसरी फेरी. सर वेगाने नाही, अगदी बेताने चालवत आहेत असे वाटले, आणि गाडी एका शंकूवरून दुसऱ्यावर जणू आधीच तिथे असल्यासारखी पोहोचत होती. फेरी संपली. तिथे वेळ लगेच भोंग्यावरून सांगतात. भोंगा खरखरला तसे सरांनी गाडीत बसल्या बसल्या हेल्मेटवरून दोन्ही कानांवर हात दाबले आणि डोळे मिटले. निवेदकाला वाटले, यांना काहीतरी झाले. दोन स्वयंसेवक धावत निघाले. सुभाषराव त्यांना ओरडून सांगत होते, "काही नाय झालं, काही नाय. त्यांना लिहायचंय."

मी धावत जाऊन वही दिली. सरांनी लिहिले. मग हेल्मेट काढून मला वाचून दाखवले: "दुसरीपेक्षा चांगली. मागून पक्की. अर्धा सेकंद." मी माझी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. या वेळी मी रेषेवरून नजर हलवली नव्हती. दुसरी फेरी ५२.३, तिसरी ५१.८.

सरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि दोन्हींतल्या ओळींवरून बोट फिरवले. नंतर कोणीतरी येऊन सांगितले की त्यांचा गटात तिसरा क्रमांक आहे. ते बरे म्हणाले, आणि पडलेला शंकू कोणत्या वळणावरचा होता हे विचारायला त्या गृहस्थांबरोबर चालत गेले. संध्याकाळी घरी आपल्या स्कूटरवरून गेले. आपा दारातच उभ्या होत्या.

त्या दिवसापासून एक बदल झाला आहे, आणि सरांच्या नियमाप्रमाणे एकच. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिले आहे की या अंगठ्यालाही आशा असते. दर रविवारी घड्याळ हातात घेण्याआधी मी ते वाचते. एरवी सगळे पूर्वीसारखेच आहे. साडेसहा, बादल्या, नऊ फेऱ्या, वैताग.

सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची प्रार्थना. मी ती केवळ आदराने करत नाही. गेल्या आठवड्यात सरांनी मला गाडीत करायच्या राहिलेल्या बदलांची यादी दाखवली. त्यात दोनशे सतरा नोंदी आहेत. रंगाचा नंबर शेवटचा आहे. काही बदल एकत्र उरकता येतील का, असे मी विचारून पाहिले. सर माझ्याकडे तसेच पाहू लागले, जसे त्या पहिल्या तुकड्यातून येणाऱ्या उजेडाकडे पाहत होते.

म्हणून हे आयुष्य त्यांना मिळालेच पाहिजे. तेवढे रविवार माझ्याकडे आहेत. मी मोजले आहेत, आणि या वेळी मोजताना कुरकुर केली नाही. केली, पण थोडी.